पाठीवरच्या पंपात लिथियम बसवताना

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे दिसले की आमच्याकडे सकाळी लवकर फवारा सुरू करावा लागतो. ऊन चढलं, वारा सुटला की काम थांबलंच समजा. अशा वेळी बॅटरी पंपाने तिसऱ्या-चौथ्या टाकीलाच दम सोडला तर सकाळ वाया जाते, आणि रोजदाराची मजुरी द्यावीच लागते. मागच्या हंगामात पोळ्याच्या आधी आमच्या सोळा लिटरच्या पंपाचं तेच झालं. नोझलमधून बारीक तुषार निघायच्या ऐवजी नुसती धार पडायला लागली.

राळेगाव तालुक्यात आमचं कोरडवाहू वावर आहे. निम्म्यात कापूस, उरलेल्यात सोयाबीन आणि तूर. मी वायरमनचा आयटीआय केलेला, त्यामुळे विहिरीवरच्या स्टार्टरपासून मिक्सरपर्यंत गावातलं काहीही माझ्या ओसरीवर येऊन पडतं. पंप उघडल्याबरोबर दोष दिसला. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची सीलबंद शिशाची बॅटरी, चार्ज करून ठेवली तर मीटर चांगला आकडा दाखवायचा, मोटर सुरू केली की आकडा खाली कोसळायचा. शिशाच्या बॅटऱ्या फवारणीने मरत नाहीत, त्या कोठ्यात मरतात. दिवाळीनंतर पंप खुंटीला टांगला की थेट जूनमध्ये आठवतो. अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, ते पूर्ण निघत नाही.

नवी शिशाची बॅटरी टाकली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण आमच्याकडे फवारा मारणारे जे काका येतात, ते म्हणाले, "भाऊ, टाकीतलं पाणी तं कमी करता येत नाही, पण बॅटरीचं वजन कमी होत असंल तं पाहा ना. पाठीले फरक पडते." शिशाची बॅटरी सव्वादोन-अडीच किलोची. तेवढंच काम करणारं लिथियम पॅक पाऊण किलोच्या आत बसतं. म्हणून लिथियमचं ठरवलं. मात्र त्याआधी जे पाहिलं होतं त्यामुळे मी जरा बिचकून होतो.

माझ्या चुलतभावाने तालुक्याच्या एका दुकानातून पंपात लिथियम टाकून आणलं होतं. चार्जिंगला लावलं की पंपाचा खालचा डबा गरम होतो म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. उघडला. आत निळ्या वेष्टनात १८६५० मापाचे सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे. प्रत्येकावर छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो, तेव्हा छापणाऱ्याने हात सैल सोडला होता. सेलांना जपणारं बीएमएसचं सर्किट नव्हतं. फ्यूज नव्हता. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. आणि चार्जर जुनाच, शिशाच्या बॅटरीसोबत आलेला.

खरी गोम त्या चार्जरमध्ये होती. हे पॅक तीन सेल ओळीने जोडलेलं, म्हणजे प्रत्येकी ४.२ धरून पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. चार्जरवर छापलंय '१२ व्होल्ट', पण शिशाची बॅटरी भरण्यासाठी तो १४.४ पर्यंत चढतो. तीनने भागा, एका सेलवर ४.८ आले. मध्ये अडवणारं काहीच नाही. हा पंप चार्जिंगला कुठे लावायचा, तर मधल्या खोलीत, जिथे कापसाची गंजी लागते. भाऊ म्हणे, "चार्जर तं पंपाचाच हाये, त्याले काय होते?" मी ते पॅक एकेक तार सोडवून, प्रत्येक टोकाला टेप लावून बाहेर काढलं आणि रेतीच्या घमेल्यात घालून अंगणात ठेवलं. पुढे नागपूरला गेलो तेव्हा ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिलं. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी, गोळा करणाऱ्यांकडे द्यायची, असं २०२२ चे बॅटरी कचरा नियमही सांगतात. भंगारवाल्याच्या पोत्यात लिथियम टाकणं म्हणजे आपला धोका त्याच्या माथी मारणं.

म्हणून माझ्या पंपासाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घेतले, ज्याला दुकानात एलएफपी म्हणतात. हे सेल ३.२ व्होल्टचे, चार ओळीने जोडले की १२.८. पूर्ण भरल्यावर १४.६. शिशाच्या बॅटरीच्या जवळपास जात असल्याने पंपाच्या मोटरला ते मानवतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जास्त तापले तरी हे सेल त्या निळ्या सेलांसारखे पटकन भडकत नाहीत, यांची रासायनिक घडणच जरा शांत आहे. अजिबात पेटत नाहीत असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शॉर्ट झाले, म्हणजे प्लस-मायनस थेट टेकले, तर यांच्यातूनही ज्वलनशील वायू निघतो, आणि तारेवर ठिणगी पडायला तर कोणतीही बॅटरी पुरते.

नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन ३२६५० मापाचे ६ अँपिअर-अवरचे चार सेल, चार सेलांचं एलएफपीचं बीएमएस आणि १४.६ व्होल्टचा २ अँपिअरचा चार्जर आणला. सेल घेताना दुकानात उभं राहूनच प्रत्येकाचं व्होल्टेज मोजलं. सगळे ३.२८-३.२९ च्या घरात होते, म्हणजे एकाच लॉटमधले वाटले. एखादा वेगळा निघाला असता तर तो घेतला नसता, कारण ओळीत कमजोर सेल आधी उतरतो आणि आधीच भरतो, आणि पूर्ण पॅक त्याच्या मापाने चालतं. निकेलच्या पट्ट्या तिथूनच स्पॉट वेल्डिंगने मारून घेतल्या. सोल्डरिंग आयर्न थेट सेलवर टेकवायचं नाही, हा नियम मी आयटीआयमध्ये शिकलो नव्हतो, पण कारण सोपं आहे. सेलच्या तोंडाशी आत प्लास्टिकचं सील आणि पातळ पडदे असतात, ते त्या उष्णतेने खराब होतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट नीट पाहून घ्या. सेलचं पूर्ण पत्र्याचं अंग हे मायनस असतं आणि प्लसची टोपी वरच्या काठापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत. मध्ये राहतं ते फक्त प्लास्टिकचं वेष्टन. प्लसवरून येणारी निकेलची पट्टी त्या काठावर टेकते, आणि पंप पाठीवर हलतो तशी घासत राहते. वेष्टन फाटलं की सेल स्वतःच स्वतःला शॉर्ट करतो, तिथे बीएमएस आणि फ्यूज दोन्ही काही करू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक प्लसच्या टोपीभोवती इन्सुलेशन कागदाची गोल चकती चिकटवली, मगच पट्टी मारू दिली. दुकानातला पोरगा म्हणाला, "भैया, इतना कोई नहीं करता." मी म्हटलं, हा पंप माणसाच्या पाठीवर जातो.

घरी आल्यावर आधी पंप धुतला. वायरिंगच्या गडबडीत हे राहून जातं. टाकी, नळी, लान्स म्हणजे फवाऱ्याची दांडी, साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून, खालचा बॅटरीचा डबासुद्धा हातमोजे घालून पुसून घेतला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. त्या डब्यात टाकीतून झिरपलेलं औषध वर्षानुवर्षं साचतं. तशाच तारांवर सोल्डरिंग केलं तर तो धूर सरळ नाकात जातो. काम ओसरीवर, उघड्यावर, लाकडी पाटावर केलं. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवली. पत्र्याच्या टेबलावर उघडं पॅक ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

डब्यातल्या तारा पाहिल्या तर टेप ओघळून खाली आलेली आणि तिचा गोंद चिकट काळा झालेला. बऱ्याच कीटकनाशकांत विद्रावक असतो, त्याच्यापुढे टेपचा गोंद टिकत नाही. तांबं आतपर्यंत हिरवं पडलं होतं. स्वच्छ लालसर तांबं दिसेपर्यंत तारा मागे कापत नेल्या. इथे एक सवय अंगी लावून घ्यावी लागते. बॅटरीला जोडलेल्या दोन तारा एकाच वेळी पकडीत धरून कधीही कापायच्या नाहीत. पकडीचं पातं दोन्ही तारांना एकदम टेकलं की तोच शॉर्ट, पात्याला खळगा पडतो आणि ठिणगी डोळ्यांपाशी उडते. आधी एक तार कापायची, तिचं टोक लगेच टेपने झाकायचं, मग दुसरी.

बीएमएसची जोडणी सर्वांत सावकाश केली. चार सेलांच्या पॅकमधून पाच बारीक तारा निघतात, एक मायनसची आणि प्रत्येक सेलनंतरची एकेक. त्या एका छोट्या पांढऱ्या सॉकेटमध्ये जातात. बाबा खुर्ची ओढून पाहत बसले होते. "पंपाले तं दोनच तारा हायेत, तू पाच कायले लावून राह्यला?" त्यांना समजावलं की दोन तारांवरून फक्त एकूण व्होल्टेज कळतं, चारातला एखादा सेल मर्यादेबाहेर गेला तर ते कळायला प्रत्येकाची तार वेगळी लागते. क्रम चुकला तर बीएमएस तिथेच जळतं. म्हणून आधी मायनसची जाड तार सोल्डर केली, मग सॉकेट बोर्डावर न लावता हातात धरून मीटरने तपासलं. मीटरची काळी पिन मायनसच्या तारेवर, लाल पिन एकेका खाचेत. ३.३, मग ६.६, ९.९, १३.२. पायऱ्या सारख्या चढल्या, तेव्हाच सॉकेट दाबलं.

मीटरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण हे शिकलेल्या माणसाकडूनही होतं. प्रवाह मोजायला लाल तार १० अँपिअरच्या भोकात लावतात. मोजून झाल्यावर ती तिथेच राहिली आणि त्याच मीटरने बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं, की मीटरच बॅटरीला शॉर्ट करून बसतो. प्रवाह मोजला की तार तिथल्या तिथे परत व्होल्टच्या भोकात, मीटर खाली ठेवण्याच्या आधी.

आता फ्यूज. पॅकच्या प्लसमधून निघालेल्या तारेवर, शक्य तितका पॅकच्या जवळ, स्विच आणि मोटरचा जोर कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्याही आधी. फ्यूज स्विचच्या पुढे लावला तर पॅकपासून स्विचपर्यंतची तार उघडीच राहते, आणि घासते नेमकी तीच. कोन नोझल लावून साध्या पाण्यावर माझी मोटर दोन ते अडीच अँपिअर घेत होती. पण ट्रिगर सोडला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, दाबला की परत सुरू, आणि दर वेळी सुरू होताना क्षणभर प्रवाह उसळतो. त्यामुळे तीन-चारचा फ्यूज विनाकारण उडत राहतो. मी साडेसात अँपिअरचा, तपकिरी रंगाचा पातीचा फ्यूज घेतला, जो मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. तार दीड स्क्वेअर एमएमची, अनेक पदरांची, तांब्याची. फ्यूज तारेला वाचवतो, म्हणून तार त्याहून दमदार पाहिजे. गावात फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची जुनी खोड आहे. म्हणून त्याच मापाचे दोन जादा फ्यूज एका पिशवीत घालून डब्याच्या झाकणाला आतून बांधून टाकले. फ्यूज हाताशी असला तर चांदी शोधायला कोणी जात नाही.

पॅक आणि पंप यांच्या मध्ये पिवळं एक्सटी-६० कनेक्टर टाकलं. त्याची एक बाजू चपटी, एक बाजू दोन्ही कोपरे छाटलेली, त्यामुळे उलटं बसतच नाही. जुन्या पंपात चपट्या पिना होत्या, घाईत प्लसची मायनसला लागायची. गंमत म्हणजे उलटी लागली तरी मोटर उलटी फिरून पाणी ओढते, पण रेग्युलेटरला उलटा प्रवाह सोसत नाही. कनेक्टरचा जो भाग पॅकवर जातो तो आत बुजलेल्या पिनांचा घ्यायचा, म्हणजे पॅक सुटं असतानाही धातू उघडा राहत नाही. सोल्डर करताना दोन्ही भाग एकमेकांत खोचून ठेवले, नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ पडून पिन तिरकी होते. आणि स्लीव्ह आधी तारेत ओवायची, मग सोल्डर. जोड थंड झाल्यावर स्लीव्ह वर सरकवून गरम केली की ती आवळून बसते, औषधाचा तिच्यावर टेपसारखा परिणाम होत नाही.

चार्जिंगचं मूळ गोल सॉकेट मी काढूनच टाकलं. तिथे फिरवून बसवायचं दोन पिनांचं दुसरं सॉकेट बसवलं आणि नव्या चार्जरची पिन त्याला जुळेल अशी बदलली. घरात जुने चार्जर दोन-तीन तरी पडलेले असतात आणि पंप चार्जिंगला लावणारा दर वेळी मीच असेन असं नाही. पुतण्या लावतो, आई लावते. आता चुकीची पिन आत जातच नाही. पिन बदलल्यावर प्लस-मायनस मीटरने तपासलं, पॅक लावण्याच्या आधी.

पहिल्यांदा चालवलं ते साध्या पाण्यावर. टाकी भरून, पंप जमिनीवर ठेवून पूर्ण रिकामा होईपर्यंत चालवला आणि मध्ये मध्ये बोटाने कनेक्टर, फ्यूजचा खोका, रेग्युलेटर चाचपत राहिलो. जिथे जोड सैल असतो तिथे तो आधी गरम होतो. फ्यूजचा खोका कोमट लागला, पाती जरा ढिली बसत होती. खोका बदलला.

काकांनी पंप वावरात नेला आणि दुपारी तक्रार घेऊन आले. "भाऊ, ह्याच्यात जोर लय हाये. औषध लवकर सरते." बरोबर होतं त्यांचं. शिशाची बॅटरी जशी उतरायची तसा फवारा मंद व्हायचा, आणि त्या मंदपणाची त्यांच्या चालीला सवय झाली होती. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं. त्याच चालीने चाललं तर एकरी औषध जास्त पडणार. मग नोझलखाली मापाचा डबा धरून मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजलं, आणि रेग्युलेटर जिथे जुन्या अंदाजाशी जुळला तिथे रंगाची खूण केली. दुसरा फरक असा की हे पॅक सूचना न देता थांबतं. सेल उतरले की बीएमएस वीज तोडतं, पिकाची ओळ अर्ध्यावर राहते. सहा अँपिअर-अवरमध्ये आमच्या नोझलला आठ-नऊ टाक्या आरामात होतात, म्हणून काका आता सातव्यालाच परततात.

त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगितली. पाठीला ऊब लागली, जळका किंवा गोडसर वास आला, फुसफुस ऐकू आली, तर काय झालं ते पाहत बसायचं नाही. पट्टा सोडून पंप खाली टाकायचा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब व्हायचं. पट्ट्याचं बक्कल गंजलं होतं, एका ओढीत सुटत नव्हतं. तेही बदललं. काका हसले, "पंप फेकला तं तुम्ही पैसे कापसान." मी म्हटलं, नाही कापणार, फेका.

चार्जिंग आता ओसरीच्या फरशीवर, संध्याकाळी, घरात माणसं जागी असताना. उन्हातून आलेला पंप लगेच लावायचा नाही, तासभर सावलीत निवू द्यायचा. दोन अँपिअरने तीन-साडेतीन तासांत भरतो, झोपायच्या आधी पिन काढायची. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन घरात कापूस यायला लागला की चार्जर आणि कापूस एका छताखाली ठेवायचे नाहीत, हे आईने सगळ्यांच्या आधी मनावर घेतलं. तिने लहानपणी कापसाची गंजी पेटलेली पाहिली आहे.

हंगाम संपल्यावर पॅक एक्सटी-६० पासून सोडवून बाहेर काढतो. पूर्ण भरलेलं नाही, पूर्ण उतरलेलं नाही, १३.२ च्या आसपास असं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली पारा कुठे जातो ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते कोठ्यात न ठेवता मातीच्या भिंतीच्या खोलीत, कोनाड्यात ठेवलं. मध्ये एकदा मीटर लावून पाहिलं, व्होल्टेज हलायला तयार नव्हतं. चुलतभावाच्या पंपातही आता असंच पॅक बसलंय, त्याने तर डब्यावर चार्जरचा व्होल्ट पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलाय. एक काम मात्र बाकी आहे. नव्या सॉकेटचं रबरी टोपण पहिल्याच पावसात हरवलं, ते सुटं मिळत नाही. सध्या तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने आवळून बांधला आहे.